शिवगणतात्यांचा स्टार्ट

शिवगणतात्यांना मी पहिल्यांदा शर्यतीच्या स्टार्टिंग ब्लॉकवर बसवलं, "सेट" म्हटलं आणि टाळी वाजवली, तर त्यांनी ब्रेक मारला.

खोटं नाही सांगत. उजवा पाय मागच्या ब्लॉकवर असा दाबला की पत्रा करकरला, दोन्ही हात जमिनीला चिकटले आणि माणूस जागच्या जागी गच्च. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल, सहासष्ट वर्षांचे आहेत. म्हणून लगेच दुसरी टाळी वाजवली. त्या टाळीवर तात्या सरळ निघाले, मी बाजूला झाले नसते तर माझ्या अंगावरूनच गेले असते. हे असं का झालं ते मला तेव्हा कळलं नाही. कळायला दोन आठवडे गेले आणि घसा बसला तो वेगळा.

मी हायस्कुलात पी.टी. शिकवते, सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत ब्लॉकवरून तोंडावर पडलेली पोरं बघितली, फिनिशकडे पाठ करून धावलेली बघितली, एक मुलगी तर बंदुकीचा बार ऐकून रडत घरी गेली. पण सुटायच्या वेळी ब्रेक मारणारा माणूस पहिल्यांदाच बघत होते. आणि हा माणूस शाळेतला नव्हता. आमच्या समोरच्या घरात राहायचा, एकतीस वर्षं एस.टी.ची लाल गाडी चालवून रिटायर झालेला.

तात्या उंच, काटक, उन्हानं रापलेले. उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा, कारण तो एकतीस वर्षं खिडकीत होता. रिटायर होऊनही खाकी पॅंट सोडली नव्हती. "अजून दोन जोड टिकतील, फेकून कशाला देऊ?" म्हणायचे. आमची आळी उतारावर आहे, त्यामुळे गाडी उभी केली की चाकामागे दगड लावायचा ही त्यांची सवय इथे फारच फोफावली. स्कूटरच्या मागे दगड, गॅसच्या सिलिंडरला दगड, कपाटाच्या पायाला दगड. आमची भाची तान्ही असताना तिची बाबागाडी अंगणात उभी होती, तर हे रस्ता ओलांडून आले आणि अर्धा चिरा चाकाला लावून गेले. तात्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "मी जरा आडवी झाले ना बाय, की मला पण मागून दगड लावतील हे."

आणि घंटी. लाल गाडीतून फिरलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण हल्ली सगळेच स्वतःच्या गाडीतून फिरतात म्हणून सांगते. कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे सूट. ड्रायव्हरनं मागे वळून बघायचं नाही, विचारायचं नाही, घंटीवर चालायचं. तात्यांच्या कानात हे इतकं मुरलं होतं की एकदा सगळी आळी मिळून हेदवीच्या गणपतीला गेलो, तेव्हा पुढच्या माणसानं देवळातली घंटा एकदा वाजवली आणि तात्या दारातच थांबले. मागची माणसं अडली. तेवढ्यात कुणीतरी टणटण दोनदा वाजवली, तशी हे दर्शन न घेताच वळले आणि चालू लागले. आम्ही प्रसाद घेऊन बाहेर आलो तर तात्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले. गाडी भाड्याची, तिचा ड्रायव्हर बिचारा बाहेर उभा राहून "काका, उतरा ना" म्हणतोय. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

असा हा माणूस एके दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आला. हातात वर्तमानपत्राचं कात्रण. ज्येष्ठांच्या जिल्हा मैदानी स्पर्धा, वय पासष्टच्या वर, शंभर मीटर.

"बाय, ते पाय टेकवून सुटायचं लोखंडी असतं ना तुमच्या शाळेत, ते माला पायजे."

मी म्हटलं, "तात्या, या वयात ब्लॉकची सक्ती नसते. उभ्यानं सुटलं तरी चालतं. कंबर धरली तर काकू मला घरात घेणार नाहीत."

"उभ्यानं नाय. रीतसर सुटायचं हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधीपासून थोडं थोडं माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून सलग पहिल्यांदाच ऐकलं. एकतीस वर्षांत तात्यांची गाडी स्टँडवरून एकदाही वेळेवर सुटली नव्हती. पहिली नऊ वर्षं खटारा गाड्यांमुळे, आणि पुढची बावीस वर्षं त्यांचा कंडक्टर एकच, हुसेनभाई. खाडीकाठच्या गावचे, गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या टोपीचे. फार गोड माणूस, आणि तोच सगळा घोटाळा. हुसेनभाईंना लांबून कुणी धावत येताना दिसलं की त्यांचा हात दोरीवरून खाली यायचा. "दोन मिनिटं, तात्या, ती बाई येतेय." म्हावऱ्याची टोपली घेऊन येणारी कोळीण, कॉलेजची पोरं, गुहागरची सुपारीची पोती. एकदा एकाची कोंबडी पिशवीतून सुटली, ती धरून होईपर्यंत सबंध गाडी थांबवली, आणि धरायला स्वतः उतरले. लोक दुवा द्यायचे हुसेनभाईंना. पण डेपोच्या फळ्यावर उशिरा सुटलेल्या गाड्यांपुढे नाव लागायचं ड्रायव्हरचं.

"तरी त्याचं काय वाटलं नाय," तात्या म्हणाले. "पण सेंडॉफच्या दिवशी, बाय. शाल दिली, नारळ दिला, आणि साहेब माइकवर बोलले, शिवगण आयुष्यात वेळेवर सुटले नाहीत, रिटायर मात्र वेळेवर झाले. सगळी माणसं हसली. मी पण हसलो. ही पण होती समोर बसलेली."

'ही' म्हणजे काकू. त्या हसल्या नव्हत्या, हे मला काकूंनीच मागे सांगितलं होतं.

"एकदा," तात्या बोट वर करून म्हणाले, "एकदा माला टायमावर सुटायचं हाय. सगळ्या लोकांसमोर. हितं कंडक्टर नाय. बंदूक वाजली की सुटायचं, कोण येतंय कोण नाय, आपला संबंध नाय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून ब्लॉक घेऊन आले.

शाळेचं मैदान पोरांनी भरलेलं असतं, म्हणून आम्ही सकाळी सड्यावर जायचो. वर मोकळं माळरान, मधून एक सरळ रस्ता, खाली समुद्र. पंचाईत एवढीच, की सडा म्हणजे सगळा कातळ. ब्लॉकचे खिळे तिथे ठोकले तर खिळेच वाकतात. पण तात्यांनी ते बघितलं मात्र, आजूबाजूला फिरून दोन चिरे उचलून आणले आणि ब्लॉकच्या मागे लावले. "घाटात सबंध भरलेली गाडी थांबते एका दगडावर, मी काय चीज हाय," म्हणाले. आणि खरंच, ब्लॉक तसूभर हलला नाही. एवढी एकच गोष्ट पहिल्या दिवशी बरोबर झाली.

बाकी काय सांगू! मी त्यांना पावलांनी मोजून दाखवलं, रेषेपासून दोन पावलांवर पुढचा ब्लॉक, तीन पावलांवर मागचा. हात रेषेच्या मागे, खांद्याएवढ्या अंतरावर. "सेट" म्हटलं की कंबर खांद्यापेक्षा जराशी वर. हे त्यांना पटकन कळलं. "म्हणजे बोनेट खाली, मागचा भाग वर. घाट उतरताना असतं तसं." मी म्हटलं, तसंच समजा. पण पुढे बसवला होता डावा पाय, आणि डावा पाय म्हणजे क्लच. तो त्यांनी असा हळुवार सोडला, असा हळुवार, की मी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

"तात्या, दोन्ही पायांनी ढकलायचं! धाडकन!"

"बाय, क्लच धाडकन सोडला तर मागची माणसं पडतात."

"मागे कोण आहे? मागे कोणी नाहीये!"

"असं म्हणू नये. स्टँडिंगची असतात."

क्लच झाला की मान उजवीकडे. आरसा बघायला. सुटताना डोकं खाली, नजर जमिनीवर, हे मी घसा फोडून सांगायची आणि तात्या सुटताना हमखास उजवीकडे मागे बघायचे. मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश करून दाखवला. तो त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला आणि म्हणाले, "बरोबर हाय की. मागून ट्रक येत असला तर?" चौथ्या पावलावर डावा हात खाली बाजूला जायचा, सेकंड गियर टाकायला. आठव्या पावलावर थर्ड. आणि हे सगळं माझी दुसरी टाळी वाजली तरच. पहिल्या टाळीला ब्रेक.

एकदा तात्या असे ओणवे बसलेले असताना पुण्याकडची एक मोटार थांबली. आतून कुटुंब उतरलं. "काका, काही हरवलंय का?" तात्या सेट स्थितीत, त्यांना मान वर करायची मनाई. ते खाली बघतच म्हणाले, "नाय, नाय, सापडंल." झालं. ती चारही माणसं दहा मिनिटं कातळावर वाकून शोधत होती. काय शोधतोय ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. शेवटी त्यांच्या आजींना गवतात कुणाचं तरी बटण सापडलं. ते त्यांनी तात्यांच्या हातात दिलं, समाधानानं गाडीत बसल्या आणि गेल्या.

दोन आठवडे झाले आणि मी चिडले. शाळेतल्या पोरांवर चिडते तशीच चिडले. म्हटलं, "तात्या, बास! तुम्हाला सुटायचंच नाहीये. मी उद्यापासून येणार नाही." तात्या उठले. चिरे उचलून बाजूला ठेवायला लागले. त्यांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली, पण तोंडातून शब्द गेला होता.

तेवढ्यात रिक्षातून हुसेनभाई उतरले. तात्यांची प्रॅक्टिस बघायला सात वाजता येतो म्हणून सांगितलेले, आले पावणेआठला. वाटेत कुणालातरी दवाखान्यात सोडून आले होते. त्यांना मी सगळा प्रकार सांगितला. टाळी, ब्रेक, सगळं. ते असे हसले, की हसता हसता चिऱ्यावर बसले. मग उठले, खिशातून जुना तिकिटांचा पंच काढला. तिकिटांची मशिनं आली तेव्हा तो परत कुणी मागितला नाही म्हणून त्यांच्याकडेच राहिला होता. तात्यांना म्हणाले, "बस रे परत." आणि रस्त्याकडेच्या लोखंडी पाटीच्या खांबावर पंच मारला. टक-टक.

तात्या गेले. अहो, काय गेले! क्लच नाही, आरसा नाही, दोन्ही पायांनी ढकललं आणि पार वळणापर्यंत गेले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"दोरी तुटलेली असली की मी हाच दांड्यावर मारायचो. बावीस वर्षं हा आवाज ऐकून गेलाय तो," हुसेनभाई म्हणाले. "एक वाजली की थांबणार, दोन वाजल्या की जाणार. तुमी एक टाळी मारता, तो थांबतो. त्याचं काय चुकलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "अहो, पण स्पर्धेत एकच गोळी असते सुटायला. दुसरी गोळी वाजली तर कुणीतरी आधी सुटलं, सगळ्यांनी परत या, असा अर्थ."

हुसेनभाईंनी पंच परत खिशात टाकला.

"म्हणजे उलटं?" तात्या.

"सगळं उलटं."

तात्यांनी विचार केला. "ज्यानं हा नियम केला तो कधी गाडीत बसलेला नसणार," म्हणाले.

तात्या ब्लॉक उचलायला गेले तेव्हा मार्ग हुसेनभाईंनीच काढला. दोन ठोक्यांमधलं अंतर रोज वायच वायच कमी करायचं. त्याला कळणार पण नाय, म्हणाले. दिवाळीनंतर सुरू केलं. आधी टक, टक. मग टक-टक. मग टकटक. रोज सकाळी हुसेनभाई उशिरा यायचे, खांबाला पंच मारायचे, तात्या सुटायचे, आणि मी कमरेवर हात ठेवून ओरडायची. आरशावरचा उपायही त्यांचाच. तात्यांचा दाढीचा आरसा रेषेपुढे जमिनीवर ठेवला, त्यांच्या नाकाखाली, जरा तिरका. मागे बघायचंच आहे ना, मग खाली बघ, तिथे दिसेल. तात्या सेटमध्ये आरशात बघायचे, मागे मोकळा रस्ता आणि एखादी म्हैस दिसली की खात्री पटायची. डोकं आपोआप खाली राहिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नसतं. क्लचसाठी मी त्यांना शाळेच्या पायऱ्यांवर दोन्ही पायांनी उड्या मारायला लावल्या. गियर टाकणं मात्र शेवटपर्यंत गेलं नाही.

शिमग्याच्या सुमारास ते दोन ठोके इतके जवळ आले, की मला एकच ऐकू यायचा. एका सकाळी हुसेनभाईंनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि खरोखर एकच मारला. टक. तात्या सुटले. आरसाही नव्हता त्या दिवशी, मी मुद्दाम उचलला होता. परत आले ते धापा टाकत. "डबल होती ना रे?"

"डबलच होती," हुसेनभाई म्हणाले.

मी समुद्राकडे तोंड केलं. आनंद लपवायला दुसरी जागा नव्हती. तात्यांना खरं काय ते आठ दिवसांनी सांगितलं. त्यांचा आमच्यावर विश्वास बसला नाही.

स्पर्धेच्या दिवशी तात्या खाकी पॅंटीत आले. गुडघ्यापर्यंत कापून काकूंनी तिची चड्डी शिवली होती. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत दोन चिरे. तिथल्या मातीत खिळे छान बसत होते, तरी यांनी चिरे लावले. स्पर्धेचे अंपायर धावत आले. "हे काय?" "टायरला," तात्या म्हणाले. त्यांनी चिरे उचलायला लावले. तात्यांनी ते काकूंच्या पायाशी नेऊन ठेवले. काकू पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. हुसेनभाई सुटायच्या रेषेजवळ कठड्याला टेकून उभे. त्या दिवशी ते वेळेवर आले होते.

सहा जण होते. पाच उभे, ब्लॉकवर एकटे तात्या. चौथ्या पट्ट्यात एक बँकेतून रिटायर झालेले साहेब होते, गुडघ्याला पट्टा, डोक्याला पट्टा, फार उतावळे. मी देवाचं नाव घेतलं. स्टार्टर म्हणाला, "ऑन युवर मार्क्स." तात्या बसले. पावलं बरोबर, हात बरोबर. "सेट." कंबर वर, जेवढी हवी तेवढीच. आणि चौथ्या पट्ट्यातले साहेब तात्यांची कंबर वर गेलेली बघूनच निघाले की हो!

त्याच क्षणी गोळी वाजली.

तात्या सुटले. एका गोळीवर सुटले. मी सव्वीस वर्षं स्टार्ट बघतेय, मला विचारा. दोन्ही पायांचा धक्का, डोकं खाली, पहिलं पाऊल जमिनीलगत, दुसरं लांब, मान कुठे हलली नाही. असा स्टार्ट मी माझ्या एकाही पोराकडून करून घेऊ शकलेले नाही. मी जागेवर उड्या मारायला लागले.

आणि दुसरी गोळी वाजली. साहेब आधी सुटले होते ना, म्हणून परत बोलावायची.

पाचही जण थांबले. तात्यांच्या कानात मात्र आता डबल बेल पूर्ण झाली होती. चौथ्या पावलाला डावा हात खाली गेला, सेकंड पडला, आणि मग जे काही तात्या धावले! "परत या! परत या!" सगळं मैदान ओरडत होतं. त्यांना वाटलं, आपल्यालाच शाबासकी देतायत. एकदाही मागे बघितलं नाही. मीच शिकवलं होतं, मागे बघायचं नाही. शेवटी कुणी फीतसुद्धा धरलेली नव्हती. ते फिनिश ओलांडून पार भिंतीपर्यंत गेले, भिंतीला हात टेकले, वळले, आणि बघतात तर सगळे लांब तिकडे सुरुवातीच्या रेषेवर उभे.

स्पर्धेच्या डॉक्टरांनी तात्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाले, अर्धा तास उठायचं नाही. स्टार्टर घड्याळ बघत म्हणाला, कार्यक्रम वेळेत आटोपायचा आहे. मग मी जे बघितलं ते मी विसरणार नाही. हुसेनभाई कठडा ओलांडून आत गेले आणि स्टार्टरपुढे हात जोडले. "साहेब, दोन मिनिटं थांबा. येतोय तो. दोन मिनिटं फक्त." बावीस वर्षं दुनियेसाठी गाडी थांबवलेला माणूस, त्याच्यासाठी कुणी दोन मिनिटं थांबलं नाही. गोळी वाजली आणि पाच जणांची शर्यत वेळेवर सुटली.

निकालाच्या कागदावर तात्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'सुरुवात केली नाही.'

मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. पण नियम नियमासारखाच होता, जी सुरुवात रद्द झाली ती झालीच नाही. तात्या तो कागद हातात धरून बसले होते. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही सुटलात. वेळेवर सुटलात. मी डोळ्यांनी बघितलंय."

"होय गो," ते म्हणाले. "पण कागदावर नाय ना."

हुसेनभाई जवळच उभे होते. "माझ्यामुळं झालं, बाई," एवढंच म्हणाले. "त्याच्या कानात डबल मीच घातली."

तो कागद तात्यांनी फ्रेम करून सेंडॉफच्या फोटोशेजारी लावला. घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे. "बगा, जिल्ह्यात मी एकटाच, सुरुवात न करता शंभर मीटर धावलेला." माणसं पोट धरून हसायची, तेही हसायचे. पण पाहुणे गेले की फ्रेमची काच पुसून ठेवायचे. पुढल्या वर्षी बघू म्हणायचे. सकाळी सड्यावर जाणं चालूच होतं.

पुढलं वर्ष आलं नाही. भातकापणीचे दिवस होते. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते बसलेलेच राहिले. खुर्चीच्या मागच्या पायाला दगड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला न्यायचं ठरलं. मुलगा आणि सून पहाटेच मुंबईहून पोचले होते. सगळं झालं, नगरपालिकेची गाडी उतारावर उभी राहिली, तात्यांना आत ठेवलं, आणि मग नेहमीचं सुरू झालं. पोफळीहून काकूंचे भाऊ निघालेत, संगमेश्वर सोडलंय, थांबू या. वरच्या आळीतले येतायत, थांबू या. कुणी चपला शोधतंय, कुणी फोनवर पत्ता सांगतंय. गाडीचा ड्रायव्हर पोरगेला होता, खिडकीतून डोकं काढून विचारत होता, निघू का, निघू का. कुणी हो म्हणेना. "दोन मिनिटं रे," सगळे म्हणत होते.

मी काकूंजवळ पायरीवर बसले होते. हुसेनभाई गाडीच्या मागच्या दाराशी उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. वरच्या आळीतून चार माणसं धावत येत होती, हात करत होती. हुसेनभाईंनी ती बघितली, मी बघितलं त्यांना बघताना. त्यांचा हात खिशात गेला. त्यांनी मागचं दार लावलं आणि पंच काढून पत्र्यावर मारला.

टक-टक.

पोरगा निघाला. गाडी उताराला लागली आणि एकच धांदल उडाली. मुलगा पुढे बसला होता म्हणून बरं, बाकी सगळे मागून धावत सुटले, कुणाच्या एका पायात चप्पल, कुणाच्या हातात मडकं. "अरे थांबव, थांबव!" हुसेनभाई स्वतःही खालीच राहिले होते. घंटी बाहेरून मारली, आत चढायचं राहूनच गेलं. ते चार पावलं धावले आणि रस्त्याच्या मधोमध थांबले. पंच हातात होता, विजेचा खांब हाताशी होता. एक ठोका मारला असता तरी कदाचित त्या पोरानं ब्रेक मारला असता. त्यांनी मारला नाही. टोपी काढून हातात घेतली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत उभे राहिले.

काकूंनी माझा हात धरला. "किती वाजले गो?"

मी घड्याळ बघितलं. "दहा, काकू."

"बरोबर दहा?"

"बरोबर दहा."

काकू रडत होत्या आणि रडता रडता मान हलवत होत्या. "सुटले हो," म्हणाल्या. "टायमावर सुटले." मग डोळे पुसून त्यांनी मला सांगितलं, हुसेनभाईंना हाक मार, उन्हात उभे आहेत, त्यांना आत बोलाव आणि पाणी दे.